‘ऑक्टोपस’ची एट-ट्रॅक टेप लगेच लावावी का?

प्रश्न: राजारामपुरीतील आमच्या घरी वडिलांच्या संग्रहात जेंटल जायंट या ब्रिटिश रॉक बँडच्या, १९७२ साली आलेल्या आणि मला फार उपेक्षित वाटणाऱ्या ‘ऑक्टोपस’ या अल्बमची एट-ट्रॅक टेप (प्लास्टिकच्या डबीत अखंड फिरणारी जुन्या पद्धतीची ध्वनिफीत) सापडली आहे. ती लावावी का?

उत्तर १: कृपया घाई करू नका. टेपची दोन टोके जोडणारी धातूची पातळ पट्टी इतक्या वर्षांत सुटते आणि टेपला हेडवर (प्लेअरमधील आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणाऱ्या स्पंजचा भुगा होतो. दोन्ही आधी बदलून घ्यावेत.

उत्तर २: सुमारे ३४ मिनिटांचे संगीत चार भागांत वाटले जात असल्याने गाण्यांचा क्रम बदललेला असू शकतो. तरीही त्यातल्या ‘नॉट्स’ या गाण्यामधले एकमेकांत गुंफलेले आवाज अवश्य ऐका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शाहूपुरीतील एका कारागिरांनी दुरुस्ती करून दिली. काल ‘नॉट्स’ तीनदा ऐकले.