मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीला लोणा लागलाय

नमस्कार मंडळी. देवगडजवळ, समुद्राला लागूनच आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत नुसती ओल धरते. पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तिच्यावर मिठाची पांढरी लव, म्हणजे लोणा, उगवते आणि बोट फिरवलं की चिऱ्याची तांबडी भुकटी हातात येते. एका चिऱ्यात तर मूठ मावेल एवढा खळगा पडलाय.

थंड मुलखात भेगेतलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि दगड फोडतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण खारं पाणी छिद्रांत सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून तसाच रेटा देतात. हरिहरेश्वरच्या कातळावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी बघितली असेल, तिच्यातही या मिठाचा हात आहे.

चार वर्षांपूर्वी खालच्या ३ फुटांना सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून लोणा त्याच्याही वर चढलाय. ओल आत कोंडली, दुसरं काय!

तो गिलावा काढून चुन्याचा करावा का? मीठ ओढून घ्यायला कागदाचा ओला लगदा थापतात, तो सुकला की काढतात. कुणी जांभ्यावर केलंय? किती वेळा करावं लागलं? चुन्याचं काम जाणणारे गवंडी देवगड-मालवणकडे असतील तर कृपया कळवा. पावसाआधी उरकायचंय.