उपग्रह आपल्याला बघत नाही

फोनवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसबद्दल एका प्रतिसादात म्हटलंय की उपग्रह आपली गाडी 'बघतो' आणि नकाशावर ठिपका टाकतो. तसं नाहीये. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किमी उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. आपलं यंत्र, म्हणजे फोन, ते नुसतं ऐकतं. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. जागा ठरवायला तीन उपग्रहांपासूनची अंतरं पुरावीत असं वाटतं, पण यंत्रातलं घड्याळ साधं असतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, त्यामुळे एका मायक्रोसेकंदाची (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची) चूक म्हणजे अंतरात ३०० मीटर! चौथा उपग्रह मिळाला की घड्याळाची चूकसुद्धा त्याच गणितात सुटते. मला यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

हाती येतात ते केवळ अक्षांश, रेखांश आणि उंची. रस्ता त्यात नसतोच. नकाशा वेगळा साठवलेला असतो आणि सॉफ्टवेअर ठिपका जवळच्या, गाडीच्या दिशेशी जुळणाऱ्या रस्त्यावर नेऊन बसवतं. म्हणून उड्डाणपुलावर असताना कधीकधी आपण खालच्या रस्त्यावर दिसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण बोगद्यात तर आकाशच नाही. तिथे ठिपका सरकतो तो आधीचा वेग आणि फोनमधले सेन्सर यांवरून बांधलेल्या अंदाजाने. बाहेर पडल्यावर तो अचानक उडी मारतो, ते त्यामुळेच.