मखमली कोळ्याचं पिल्लू बीळ करत नाहीये, माती आणि पाण्याचं काय करू?

लालमाती:
ग्रीसमधल्या इरेसस वाल्केनेरी जातीचं पिल्लू आहे, पाळीव पैदाशीतलं. इथे जर्मनीत घेतलं. अंग जेमतेम ६ मिमी. डबीत नुसती कोरडी वाळू घातलीय, पण बीळ टिकतच नाही. रोज फवारा मारू का? आणि एक मोठा रातकिडा टाकला तर आठवडा निघेल का?

आठपायी:
नुसती वाळू ढासळणारच. तीन भाग बारीक वाळू, एक भाग चिकणमाती घ्या. खत किंवा कीटकनाशक पडलेली माती अजिबात नको. मूठ वळली की गोळा राहील, पण बोटांना पाणी लागणार नाही इतपत भिजवा. १० सेंमी उंच डबीत ७ सेंमी थर दाबून भरा, काठालगत पेन्सिलीने ३ सेंमी खोल तिरकं भोक पाडा. भोकाच्या तोंडाशी दोनचार काड्या आणि मटकीएवढे खडे हवेतच. बिळावरचं रेशमी छप्पर ताणायला त्याला आधार लागतो, तो नसेल तर पिल्लू नुसतं फिरत राहतं. वरचा थर खडखडीत वाळल्यावरच आत सोडा.

फवारा बंद. या कोळ्याच्या जाळ्यावर चिकट थेंब नसतात. अतिबारीक पिंजलेल्या तंतूंत भक्ष्याचे पाय गुंततात. ओले झाले की ते तंतू एकमेकांना चिकटतात आणि पकड जाते. शिवाय कोंडलेल्या ओलीत बुरशी येते. डबीच्या बाजूला टाचणीने भोकं पाडा. तळ कोरडा दिसला की सिरिंजने काठाकाठाने २ मिली पाणी तळाशी सोडा. आठवड्यातून एकदा खड्यावर एक थेंब, बस्स.

रानवाटा:
मोठा रातकिडा मुळीच नको! भक्ष्य कोळ्याच्या अंगापेक्षा मोठं नसावं. बिनउडत्या फळमाश्या दोनतीन, आठवड्यातून दोनदा, थेट छपरावर टाका. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. कात टाकताना कोळी मऊ आणि हतबल असतो, रातकिडा त्याला कुरतडतो.

लालमाती:
बिळाचं तोंड रेशमाने बंद करून घेतलं तर?

रानवाटा:
बहुधा कात टाकायची तयारी. काही आठवडे खाणार नाही. खणून बघू नका, रेशमाचं अस्तर फाटतं. पोट सुरकुतलेलं दिसलं तरच काळजी, आणि तेव्हा आधी पाणी, मग खाणं.

आठपायी:
नर की मादी हे इतक्या लहानपणी कळत नाही. वयात आलेल्या नराचं पोट लाल, त्यावर काळे ठिपके. तो बीळ सोडून भटकतो आणि थोडेच आठवडे जगतो. मादी काळी, कित्येक वर्षं त्याच बिळात. पुढेमागे मादीला पिल्लं झाली आणि ती आईलाच खाऊ लागली तर वेगळी करू नका. या जातीत आई असंच पिल्लांना पोसते.

बोरबाभळी:
एक भर. महाराष्ट्रात काटेरी झुडपांवर मोठी सामाईक जाळी करणारा स्टेगोडायफस सारासिनोरम याच कुळातला, पण तो बीळ करत नाही. वरची मातीची कृती त्याला लावू नका.