शब्दचर्चा : 'खासगीकरण' कशाला म्हणायचं?

रोहिणी : मी तालुक्याच्या बातम्या लिहिते. इथल्या सरकारी रुग्णालयातलं डायलिसिस आणि रक्ततपासणी बाहेरच्या कंपनीकडे गेली. बातमीत 'खासगीकरण' लिहिलं तर अधिकाऱ्यांचा फोन आला, "रुग्णालय विकलंय का आम्ही? 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' लिहा." कर्मचारी संघटना म्हणते, खासगीकरणच लिहा. बरोबर काय? आणि खासगी की खाजगी?

वसंत : खासगी-खाजगी दोन्ही रूढ आहेत, एका बातमीत एकच रूप ठेवा. मूळ 'खास', म्हणजे 'आम'च्या उलट. होळकरांच्या राज्यात 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी. दौलत राज्याची, खासगी राणीच्या हातातली. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांना पैसा पुरवला तो या खासगीनं. म्हणजे शब्दात मालकी कोणाची एवढंच आहे, नफा नाही. धर्मादाय न्यासाचं रुग्णालयही आपण खासगीच म्हणतो, आणि तिथे नियमानं 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तेव्हा 'खासगी' लिहिताना 'नफेखोर' असा अर्थ गृहीत धरू नये.

मेधा : वसंतराव, इतिहास मान्य, पण त्यानं अधिकाऱ्यांचा मुद्दा खरा ठरत नाही. '-करण' हा प्रत्यय प्रक्रिया सांगतो. कचेरीत 'संगणकीकरण सुरू आहे' म्हणतो तेव्हा कागद संपलेले नसतात. मग इमारत विकली नाही म्हणून खासगीकरण झालंच नाही, हे मराठीच्या व्याकरणात बसत नाही. रुग्णालयाचा एक विभाग दिला, तर त्या विभागाचं खासगीकरण झालं. रोहिणीताई, फक्त 'रुग्णालयाचं' न लिहिता 'डायलिसिस विभागाचं' लिहा, कोणी हरकत घेऊ शकणार नाही.

माझी खरी हरकत आहे ती 'भागीदारी'वर. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्यातला वाटेकरी. कंपनी तपासण्या करणार, सरकार प्रत्येक तपासणीमागे ठरलेली रक्कम देणार, आणि रुग्ण कमी आले तरी किमान रक्कम मिळणार असेल, तर तोटा कोणाच्या वाट्याला? ते सरळसरळ कंत्राट आहे. आपल्याकडे यासाठी रोजचा शब्दप्रयोग आहेच : *चालवायला दिलं*. उपाहारगृह चालवायला देतात, वाहनतळ चालवायला देतात. 'डायलिसिस विभाग अमुक वर्षांसाठी कंपनीला चालवायला दिला' हे वाचून गावातल्या कोणालाही कळतं की खोली सरकारची, हुकूम कंपनीचा.

सलील (लेस्टर) : इंग्लंडमध्ये एनएचएसवरून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेवरून, हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे. 5 जुलै 1948 ला सेवा सुरू झाली तेव्हापासून गल्लीतले फॅमिली डॉक्टर बहुतांशी सरकारी नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. त्याला सहसा कोणी खासगीकरण म्हणत नाही. पण 2012 मध्ये केंब्रिजशरमधल्या हिंचिंगब्रुक रुग्णालयाचा कारभार सर्कल या कंपनीकडे गेला तेव्हा गदारोळ झाला. इमारत एनएचएसची, कर्मचारी एनएचएसचे, रुग्णाला बिल नाही. बदललं ते व्यवस्थापन. करार 10 वर्षांचा होता, कंपनी 2015 मध्येच बाहेर पडली आणि रुग्णालय पुन्हा एनएचएसकडे आलं.

'रुग्णाला मोफत आहे, मग खासगीकरण कसलं' हा युक्तिवाद इथेही रोज ऐकतो. पण शुल्क आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनएचएस उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी 1951 मध्ये राजीनामा दिला. दाताच्या कवळ्यांना आणि चष्म्यांना पैसे लावायचं ठरलं होतं. सेवा तेव्हा सरकारचीच होती, खासगीकरण नव्हतं, तरी रुग्णाच्या खिशाला हात लागला. उलट हिंचिंगब्रुकमध्ये खिशाला हात न लागता कारभार दुसऱ्याकडे गेला. एकाच शब्दात दोन्ही कोंबू नये.

रोहिणी : आणि जन आरोग्य योजना? पैसे सरकारचे, ऑपरेशन खासगी रुग्णालयात.

वसंत : योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयाला तिच्या कागदांत 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालू राहिली. सरकारी रुग्णालयंही तिच्यात अंगीकृत आहेत, त्यामुळे त्या शब्दावरून पैसा कुठे जातो ते कळत नाही. बातमीत 'अंगीकृत खासगी' किंवा 'अंगीकृत सरकारी' असं फोडून लिहा.

मेधा : अनुमोदन. आणि 'आरोग्यसेवा दिली' व 'विमा दिला' यांतला फरक पाळा. पाच लाखांचं संरक्षण असलं तरी तालुक्यात भूलतज्ज्ञ नसेल तर बाईला जिल्ह्यालाच जावं लागतं.

'मोफत'चंही तसंच. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण खात्याची महाविद्यालयीन रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. लोकांना दोन्ही 'सरकारी दवाखाना'च, म्हणून खात्याचं नाव लिहायलाच हवं. केसपेपर फुकट निघाला आणि औषधाची चिठ्ठी देऊन "बाहेरून आणा" सांगितलं, तर मोफत म्हणू नका, मग रुग्णालय शंभर टक्के सरकारी असो.

ताई, माहितीच्या अधिकारात तो करार मागवा. तपासणीचा दर कोण ठरवतं, यंत्र बंद पडलं तर दंड कोणाला, आणि रुग्णानं तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. ते पाहूनच मथळा द्या.