अर्जदारांचा डेटा जाहीर करायचाय: के = ५ लावलं की एक तृतीयांश नोंदी गळतात, काय करावं?

अर्धाप्रबंध

पीएच.डी.चं काम सार्वजनिक धोरणातलं. प्रश्न असा: अर्थसहाय्याच्या अर्जावर निर्णय यायला वेळ लागला की अर्जदार नाद सोडतात का, आणि सोडतात ते कोण? खात्याने करार करून ४१,००० अर्जांच्या नोंदी दिल्या आहेत. रकाने असे: १२ आकडी ओळख क्रमांक, जन्मतारीख, लिंग, पोस्टल कोड, अपंगत्वाचा प्रकार ('नाही' धरून ७), अर्जाची आणि निर्णयाची तारीख, निकाल, मंजूर रक्कम, अधिकाऱ्याचा शेरा. नाव-पत्ता मुळातच नाही.

नियतकालिकाला लेखासोबत डेटा जाहीर हवाय. आतापर्यंत क्रमांकाचा शा-२५६ हॅश (ठरलेल्या सूत्राने काढलेला सांकेतिक आकडा) केला, वयाचे ५-५ वर्षांचे १२ गट केले, पोस्टल कोडचे पहिले ३ आकडे ठेवले (४० विभाग), अर्जाच्या तारखेची तिमाही केली (८). मग एआरएक्स या डेटा अनामिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये के-ॲनोनिमिटी लावली. के = ५ म्हणजे या रकान्यांत अगदी सारख्या दिसणाऱ्या किमान ५ नोंदी हव्यात, नाहीतर त्या गळतात. तशा ३४ टक्के नोंदी गळाल्या. के = ३ ला २२ टक्के. उरलेल्या नोंदींवर मूळ डेटावरचंच रिग्रेशन (उशीर आणि नाद सोडणं यांचा संबंध मोजणारं समीकरण) चालवलं तर उशिराचा परिणाम जवळजवळ निम्मा दिसतो. के = ३ वर थांबलं तर चालेल का? की दुसरं काही वापरू?

खिळा

के नंतर बघू. आधी तो हॅश काढा.

१२ आकडी क्रमांक म्हणजे जास्तीत जास्त १ लाख कोटी शक्यता. सेकंदाला १०० कोटी शा-२५६ हे आजच्या ग्राफिक्स कार्डाला काहीच नाही. भागाकार करा: १,००० सेकंद, म्हणजे १७ मिनिटांत सगळे क्रमांक उघडे. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण इथे उलटा फिरवायची गरजच नाही, सगळे सुलटे काढून जुळवले की झालं. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला तेव्हा गाड्यांचे क्रमांक एमडी५ या हॅशने झाकले होते. क्रमांकांचा साचा ठरलेला, शक्यता मोजक्या, त्यामुळे ते बघता बघता उलगडले. 'सॉल्ट घातलंय' (हॅश काढण्याआधी क्रमांकाला गुप्त मजकूर जोडलाय) म्हणाल तर ते स्क्रिप्टमध्येच लिहून कोडच्या रिपॉझिटरीत चढवलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर किल्ली कुलपालाच बांधून ठेवली म्हणायची.

करायचं ते असं: वेगवेगळ्या क्रमांकांची यादी काढा, ती पिसा, आणि १ पासून नवे क्रमांक द्या. जोडतक्ता वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या जागी ठेवा. इथे एक चूक हटकून होते. पिसण्यासाठी वापरलेलं सीड (ज्या आकड्यावरून संगणक यादृच्छिक क्रम ठरवतो तो) कोडमध्ये राहतं आणि कोड जाहीर होतो. मूळ यादी ज्याच्याकडे आहे त्याला तेच सीड देऊन तीच पिसलेली यादी परत मिळते. या एका पायरीचं सीड कुठेही लिहून ठेवू नका.

ओळींचा क्रमही पिसा. खात्याची फाइल बहुधा अर्ज क्रमांकाने लावलेली असते. तारीख पुसली तरी ओळीच्या जागेवरून ती काढता येते.

शेऱ्याचा रकाना संपूर्ण उडवा. 'मुलगा परदेशी', 'गेल्या वर्षीच्या आगीत घर जळालं' असल्या वाक्यांना के लावता येत नाही.

जाळीदार

खिळा यांच्या मुद्द्याला जोड. तुमच्याकडचे तीन रकाने धोक्याचे आहेत हे जुनं ज्ञान आहे. लॅटानिया स्वीनी यांनी १९९० च्या अमेरिकी जनगणनेवरून हिशोब मांडला होता: ५ आकडी झिप कोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. तुम्ही गट पाडलेत हे बरं केलंत, पण खणांचा, म्हणजे या गटांच्या एकूण जुळण्यांचा, हिशोब केला नाहीत.

१२ वयोगट × २ × ४० विभाग × ७ प्रकार × ८ तिमाह्या = ५३,७६०. म्हणजे खण ५३,७६० आणि नोंदी ४१,०००. खणागणिक एकसुद्धा नोंद येत नाही. बहुतेकांचं अपंगत्व 'नाही' असेल, ते एका बाजूला गर्दी करतात म्हणून निदान ६६ टक्के तरी वाचल्या. के ५ वरून ३ वर आणून हे सुटणार नाही.

आता परिणाम निम्मा का झाला ते बघा. दडपलेल्या नोंदी यादृच्छिक नसतात. विरळ खणात कोण असतं? लांबच्या विभागातले, म्हातारे, दुर्मीळ अपंगत्व असलेले. निर्णयाला उशीर झाला की नाद सोडणारेही बहुधा हेच. ज्यांच्यासाठी प्रश्न विचारला तेच डेटातून गेले. पडताळून बघायचं तर 'नोंद गळाली का' हा ०/१ चा रकाना करा आणि त्यावर प्रतीक्षेच्या दिवसांचं रिग्रेशन चालवा. संबंध दिसला तर ती फाइल जाहीर करणं म्हणजे चुकीचं उत्तर जाहीर करणं. गोपनीयता राखली एवढ्याने ते बरोबर ठरत नाही.

माझी पद्धत उलटी आहे. आधी विचारा, तुमच्या समीकरणाला कोणता रकाना खरंच लागतो? अर्जाची तारीख लागत नाही, लागते ती प्रतीक्षा. दोन तारखांची वजाबाकी करून आठवड्यांत ठेवा, तारखा काढून टाका. काळाचा परिणाम धरायचा असेल तर 'पहिलं वर्ष / दुसरं वर्ष' पुरे. विभाग ४० चे १० करा, पण नकाशावर शेजारी आहेत म्हणून एकत्र करू नका. कार्यालयावरचा अर्जांचा भार सारखा असलेले एकत्र करा, म्हणजे धोरणाच्या दृष्टीने फरक शिल्लक राहतो. अपंगत्व आहे/नाही. मग १२ × २ × १० × २ × २ = ९६०, सरासरी खणाला ४२ नोंदी. सरासरीवर विसंबू नका, सगळ्यात लहान ५० खण छापून डोळ्यांनी बघा. एवढं केल्यावर के = ५ साठी किती नोंदी जातात ते मोजा, आणि १-२ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदी दडपण्याऐवजी वयाचे गट आणखी रुंद करा.

रक्कम विसरू नका. ती सूत्राने ठरत असेल तर रकमेवरून उत्पन्न आणि मुलांची संख्या मागे काढता येते. निकाल पुरत असेल तर रक्कम वगळा. ठेवायचीच असेल तर टप्प्यांत ठेवा आणि वरचा १ टक्का एका मर्यादेवर कापा.

आणि के पाळूनही फटका बसतो तो इथे: एका खणात ६ जण आणि सहाही 'नामंजूर'. त्यातला माझा शेजारी कोणता हे मला कळायची गरजच नाही. एल-डायव्हर्सिटी (प्रत्येक खणात वेगवेगळे निकाल असावेत ही अट) याच छिद्रासाठी आली. निदान ज्या खणात निकाल शंभर टक्के एकच आहे ते वेगळे काढून विलीन करा.

लाप्लासी

एवढी शिवणकला करण्यापेक्षा डिफरन्शियल प्रायव्हसी वापरा ना, म्हणजे एक माणूस डेटात असो-नसो, उत्तर जवळपास सारखंच दिसेल. नोंदी देऊच नका, तक्ते द्या. प्रत्येक मोजणीत लाप्लास नॉइज, म्हणजे मुद्दाम घातलेली यादृच्छिक चूक, घाला. हल्लेखोराला काय-काय ठाऊक आहे याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. के-ॲनोनिमिटीत तो अंदाज चुकला की सगळं गेलं.

जाळीदार

तत्त्व मान्य, पण आकडे मांडा. एकूण एप्सिलॉन (गोपनीयता किती खर्च करायची ते माप; लहान म्हणजे जास्त गोपनीयता) १ ठरवलं आणि १० तक्ते द्यायचे, तर प्रत्येकाला ०.१. मोजणीत नॉइजचं माप १०, म्हणजे ९५ टक्के वेळा चूक ±३० च्या आत. ४०० जणांच्या गटाला हे चालून जातं. १२ जणांच्या गटाचा आकडा उणे १८ सुद्धा छापून येईल. (एकाच तक्त्यातले गट एकमेकांत मिसळत नसतील तर त्या तक्त्यात एप्सिलॉनचं बजेट पुन्हा वाटावं लागत नाही. नवशिके इथे उगाच दहापट नॉइज घालतात.)

आणि या धाग्यात एक गोष्ट अजून कोणी विचारलेली नाही: ४१,००० अर्ज आहेत, माणसं किती? एकाच माणसाने तीनदा अर्ज केला असेल तर एका माणसाने मोजणी ३ ने हलते. नॉइज तिप्पट, म्हणजे ±९०. हे न बघता संवेदनशीलता (एका माणसाने मोजणी जास्तीत जास्त किती हलते) १ धरली तर एप्सिलॉन ०.१ हा दावाच खोटा. एक तर माणशी अर्जांना मर्यादा घाला, नाहीतर माणशी एकच अर्ज निवडा, आणि जे कराल ते लेखात लिहा. के मोजतानाही हेच लागू आहे. पाच नोंदी एकाच माणसाच्या असल्या तर तो के = १.

एप्सिलॉन किती, हे गणित सांगत नाही. २०२० च्या अमेरिकी जनगणनेत मतदारसंघ आखणीच्या डेटासाठी १९.६१ धरलं, आणि राज्यांची एकूण लोकसंख्या नॉइजशिवाय दिली. ते जनगणना ब्यूरोच्या धोरण समितीने ठरवलं. तुमच्या बाबतीत कोण ठरवणार? एकट्या संशोधकाने ठरवून चालायचं नाही. खात्याची सही असलेली एक ओळ तरी असावी.

अर्धाप्रबंध

खणांचा हिशोब केला. ९६० खणांत के = ५ साठी ०.८ टक्के नोंदी जातात आणि परिणाम मूळच्या जवळ आला. माणसं ३५,२०० निघाली, एकाचे जास्तीत जास्त ४ अर्ज. माणशी पहिला अर्ज ठेवून पुन्हा चालवतो. पण करारात 'वैयक्तिक पातळीवरील माहिती तिसऱ्या पक्षास देऊ नये' असं वाक्य आहे. मग ही फाइलसुद्धा अडकते का?

खिळा

अडकते, असंच धरा. ओळख पुसलेली नोंद 'वैयक्तिक पातळीवरील' आहे की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद डेटा चढवल्यावर घालायचा नसतो. खात्याला लेखी विचारा. रकान्यांची यादी, के, गळालेल्या नोंदींचं प्रमाण आणि सगळ्यात लहान खण हे एका पानावर पाठवा. 'परवानगी द्याल का' असं मोघम पत्र टेबलावर पडून राहतं.

नकार आला तरी बहुतेक नियतकालिकं तीन गोष्टींवर मानतात: पूर्ण कोड, त्याच रकान्यांची कृत्रिम फाइल (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट नोंदींची), आणि मूळ डेटासाठी खात्याकडे कसा अर्ज करायचा याचा परिच्छेद. कृत्रिम फाइल आर या सांख्यिकी भाषेतल्या सिंथपॉप पॅकेजने होते, पण डोळे मिटून घेऊ नका. त्यातली निर्णयवृक्षांवर (डिसिजन ट्री) चालणारी पद्धत विरळ ओळी कधीकधी जशाच्या तशा उचलते. मूळ फाइलमध्ये एकमेव असलेली ओळ कृत्रिम फाइलमध्येही आली असेल तर काढा.

चढवण्याआधी: एक्सेल नको, सीएसव्ही द्या. पिव्हट टेबलच्या पोटात मूळ डेटाची प्रत राहते, पान पुसलं तरी. लपवलेल्या शीटचं तर काय सांगावं, उत्तर आयर्लंडच्या पोलिसांकडून २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरासोबत अशीच एक शीट बाहेर गेली आणि जवळपास सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं उघडी पडली. आरची वर्कस्पेस फाइल फोल्डरमध्ये राहिलीय का बघा, तिच्यात साफ न केलेली डेटाफ्रेम असते. स्कॅटर प्लॉटमधला कोपऱ्यातला एकटा ठिपकाही माणूसच असतो. आणि मूळ फाइल गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणारं साधन) एकदा जरी कमिट झाली, म्हणजे नोंदली गेली, असेल तर नंतर डिलीट करून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. ती रिपॉझिटरी पब्लिक करू नका. साफ फोल्डरमधून नवीच उघडा.