एकाने उत्तर सांगून टाकले की इतरांसाठी कोड्यात काय उरते?

प्रश्न

आमच्या वस्तीतील वाचनालयात दर शनिवारी आठ-दहा मुले कोडी सोडवायला जमतात. गेल्या वेळी मी त्यांना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील भुंग्यांचे कोडे घातले. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन संख्यांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले आणि उरलेला एकच भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधाने ओढला जाऊन हवेत घोटाळत राहिला, तर एकूण भुंगे किती? एका मुलीने मिनिटभरात ‘पंधरा’ असे सांगून टाकले आणि बाकीच्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या. तिला कसे काढले ते विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तीस धरून पाहिले, दोन उरले, म्हणून निम्मे केले.” याला रीत म्हणावे की नुसता अंदाज, हे मला त्या वेळी सांगता आले नाही. शिवाय इतरांचा आनंद असा मध्येच तुटू नये, यासाठी आपण काय करता?

प्रतिसाद १

ही पुरती रीत आहे, आणि ती खुद्द भास्कराचार्यांची आहे. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त तिला ‘इष्टकर्म’ म्हटले आहे : सोयीची कोणतीही संख्या धरावी, कोड्यातील सर्व क्रिया तिच्यावर कराव्यात आणि जे उरेल त्याची दिलेल्या संख्येशी तुलना करून त्याच प्रमाणात धरलेली संख्या बदलावी. तीस धरले तर सहा, दहा आणि बारा भुंगे जातात व दोन उरतात. उरायला हवा एक, म्हणून पंधरा. त्या मुलीला हे नाव अवश्य सांगा.

प्रतिसाद २

पारंपरिक कोड्यांना अशी रीत नसते, तिथे उत्तर एकदम दिसते किंवा दिसतच नाही. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे ऐकून दात आणि जीभ ज्याला दिसली, त्याला गप्प राहणे फार कठीण जाते. आमच्या आजीचा नियम असा होता की, उत्तर सुचले तर ते बोलायचे नाही, त्या वस्तूची आणखी एखादी खूण सांगायची. कोणी “तिला हाड नाही” म्हणाले की आजीला कळे, आणि बाकीच्यांना विचार करायला एक नवा धागा मिळे.

प्रतिसाद ३

आजींचा हा नियम आकड्यांच्या कोड्यालाही लावता येईल. ज्याला उत्तर सापडले त्याला हळूच विचारावे, “शेवटी एकाऐवजी चार भुंगे उरले असते, तर?” खरोखर उलगडा झालेला मुलगा साठ असे कागदावर लिहून देईल, आणि मूळ उत्तर इतरांपासून झाकलेलेच राहील.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. इष्टकर्माचे नाव त्या मुलीला मी स्वतः सांगणार आहे. येत्या शनिवारी ‘लीलावती’तीलच मोराचे कोडे घालीन : नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे, आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत असताना मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर ते बिळापासून किती हातांवर भेटतील? आपणही सोडवून पाहा. येथे मात्र उत्तर लिहू नका, एखादी खूण तेवढी सांगा.