टिटो प्वेन्ते: सिम्पसन्सपलीकडे

काही जण म्हणतात की टिटो प्वेन्ते, लॅटिन संगीतातला अमेरिकन तालवादक आणि बँडप्रमुख, पडद्यावर दिसला तो फक्त १९९५च्या 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेत. तसं नाही हो. १९९२च्या 'द मॅम्बो किंग्ज' या चित्रपटामध्ये तो टिटो प्वेन्ते म्हणूनच आहे. पण त्याचं खरं वादन बघायचं तर स्पॅनिश दिग्दर्शक फर्नांदो त्रुएबाचा 'काये ५४' (२०००) हा लॅटिन जॅझवरचा माहितीपट बघा. न्यूयॉर्कच्या ५४व्या रस्त्यावरचा स्टुडिओ, आणि वादन सुरू झालं की मध्ये कुणी बोलत नाही. टिंबालेस, म्हणजे धातूच्या भांड्यांचे, काठ्यांनी वाजवायचे जोडढोल, मागच्या रांगेतून बँडच्या पुढे आणून उभ्याने वाजवणं प्वेन्तेनेच रुळवलं. काठी कातड्यावरून उतरून भांड्याच्या धातूवर खणखणते, तेव्हा अंगावर काटा येतो. 'काये ५४' आला त्याच वर्षी तो गेला, ७७ वर्षांचा. आवाज मोठा ठेवून बघा!